आतलं चाक

टायरचं दुखणं दादाला नुसता हात फिरवून कळायचं. माणसाचं दुखणं मात्र कुणी कानाशी बसून सांगितलं तरी त्याच्या डोक्यात शिरत नसे. आणि टायरबद्दल काही कळलं की ते पोटात ठेवणं त्याला जमत नसे. गिऱ्हाईक घाईत असो, रडत असो, दादा त्याला उभं करून सांगणार म्हणजे सांगणार. वहिनी, म्हणजे त्याची बायको, हसत म्हणायची, "तुमच्या तोंडालाच एखादा व्हॉल्व्ह बसवून घ्या." त्या दुपारनंतर तिने हे कधी म्हटलं नाही.

त्या दुपारी हमरस्ता सोडून दाजींची घरगाडी वर्कशॉपच्या फाटकातून लंगडत आत आली. दाजी म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीचा, बारकीचा, नवरा. घरगाडी म्हणजे मोटारहोम: ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं अख्खं घर, आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, खिडक्यांना पडदे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत राहतं घर विकून दाजींनी ही गाडी घेतली होती. कुठे जरा मुक्काम झाला, बारकीची शेजारपाजारी ओळख झाली, एखादी बाई तिला "ये गं चहाला" म्हणू लागली, की दाजी गाडी हलवायचे. लोकांना याचं कोण कौतुक. पोरीने काय नशीब काढलंय, रोज नवं अंगण! दादाही चारचौघांत हेच सांगायचा. गेल्या वर्षी बारकीचा पुढचा दात अर्धा तुटलेला दिसला तेव्हा दाजी म्हणाले, गाडीच्या पायरीवरून घसरली. दादाने ती पायरी तपासली आणि तिच्यावर खरखरीत पट्टी चिकटवून दिली. असा हा भाऊ.

वहिनीने मात्र तेव्हाच त्याला बजावलं होतं. "ती पडलेली नाही. पुढच्या खेपेला आली की मी तिला परत पाठवणार नाही. मग तुमचे दाजी काय करायचं ते करू देत." दादा "बघू" म्हणाला आणि कामाला लागला.

आता दाजी खाली उतरले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. "दादा, मागचं उजवं बघा जरा. त्यातल्या आतल्या चाकाचा, व्हॉल्व्हवरचा हवेचा सेन्सर सकाळपासून बोंबलतोय. म्हटलं हलगर्जी दुकानदाराकडे जाण्यापेक्षा आपला माणूस जवळ आहे."

त्यांच्या मागून बारकी उतरली. एवढ्या उन्हात अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, गळ्याशी घट्ट ओढणी. वहिनीने तिला जवळ घेतलं तशी ती कळवळून मागे सरली. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चाकाकडे पाहत होता.

या गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना जोडीची चाकं असतात, एक आत, एक बाहेर. आतल्यातली हवा गेली तरी बाहेरचं चाक त्याचा भार उचलून धरतं आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं. दादाने जॅक लावला, नट सोडले, दोन्ही चाकं उतरवली. आतलं चाक हाताने दाबलं तर दाबलं गेलं.

"गेल्या वर्षीच सांगितलं होतं तुम्हाला," तो सुरू झाला. "रबरी व्हॉल्व्ह काढा, धातूचे टाका. तुम्ही त्या रबराच्या मानेवर हे सेन्सरचं ओझं ठेवलंत. चाक फिरतं तेव्हा ते ओझं मानेला हिसके देतं. रबर कितीही चांगलं असलं तरी किती सोसेल?"

"चुकलंच," दाजी हसून म्हणाले. "आज टाकून द्या सगळे धातूचे."

दादाने टायर रिमवरून उचकटला आणि आत हात घातला. मुठीत काळा भुगा आला. आतल्या अस्तराची भुकटी झाली होती. "हा मेला," तो म्हणाला आणि टायरवर खडूने मोठी फुली मारली. "रिकामा पळालाय हा, भार घेऊन. आतल्या तारा तुटल्यात. वरून नवा दिसेल, पण यात हवा भरणं म्हणजे बाँब भरणं. या मापाचा दुसरा इथे नाही, उद्या मागवतो. आज मुक्काम करा."

"उद्या?" दाजींचं हसू जरा बारीक झालं. वहिनीने झटक्यात बारकीचा हात धरला. "बरंच झालं. चल गं, आत चल, तुझी खोली लावते." बारकीचा चेहरा असा काही खुलला, की वाहत्या रस्त्यावरचं कुणीही पाहून थांबलं असतं.

तिथेच गप्प बसायचं होतं. वहिनी पुढे आयुष्यभर हेच म्हणत राहिली, की तिथे फक्त गप्प बसायचं होतं.

पण दादाने तोवर रिममधून जुना व्हॉल्व्ह उपटून हातात घेतला होता. अंगठ्याने त्याची मान वाकवून त्याने ती उजेडात धरली आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. त्याने सांगितलेलं खोटं ठरत होतं, आणि हे दादाला सहन होणं शक्य नव्हतं.

"थांबा. हे झिजलेलं नाही. रबर थकलं की त्याला बारीक भेगा पडतात, आडव्यातिडव्या. ही एकच चीर आहे, सरळ. ब्लेडची आहे ही! कुणीतरी मुद्दाम कापलंय. आणि अर्धीच कापलीय बघा, हवा दमादमाने जावी म्हणून. डोकेबाज माणूस." तो रंगात आला. "आणि हात बारीक हवा. बाहेरच्या रिमच्या भोकातून आत घालायचा म्हणजे माझ्या-तुमच्या मनगटाचं काम नाही ते."

त्याने मोठ्या अभिमानाने मान वर केली. वहिनीने डोळे मिटून घेतले होते. बारकीच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

दाजींनी बायकोच्या मनगटाकडे पाहिलं. "अच्छा," ते म्हणाले. मग तिच्या मानेवर मागून हात ठेवला, अगदी प्रेमाने ठेवावा तसा. "चल, जरा आत चल. बोलायचंय."

"तिला मी घरात नेतेय," वहिनी म्हणाली.

"नवरा-बायकोत पडू नका वहिनी." बारकीची मान त्या पंजात इतकी आवळली होती, की तिचे पाय जेमतेम जमिनीला लागत होते. गाडीचं दार बंद झालं. आतून कडी लागली.

"अहो, उठा!" वहिनी किंचाळली. "मारून टाकील तो तिला! तुम्ही सांगितलंत ना त्याला आत्ता, तुमच्या तोंडाने!"

तेव्हा कुठे दादाच्या डोक्यात उजेड पडला. फोन नवऱ्याच्या खिशात, किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि पोरीला भावाच्या दारापर्यंत यायचं होतं. त्यासाठी तिने चालत्या घराच्या चाकाची मान कापली होती. गाडी उलटली असती तर स्वतःही मेली असती. दाराला हात घालेपर्यंत आतून पहिला आवाज झाला, काहीतरी जड लाकडावर आपटल्याचा. मग दुसरा. जॅकवर एका अंगाने उचललेली ती भलीमोठी गाडी प्रत्येक आवाजाला हलत होती.

"दाजी! दार उघडा!"

बारकी रडत नव्हती. प्रत्येक फटक्याला तिच्या तोंडून फक्त "हं" येत होतं, छातीतली हवा निघाल्यासारखं. दादाने टायर उचकटायची लोखंडी टॉमी उचलली, दाराच्या फटीत घातली आणि सारं अंग टाकलं. कडी तुटली.

आत शेगडी आणि बेसिन यांच्यामध्ये एका माणसापुरती वाट. दाजींनी बारकीचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं बेसिनच्या कडेवर आपटत होते. कडेला रक्त लागलं होतं. दाजी धापा टाकत होते, पण चेहरा शांत होता. दादाला त्या शांतपणाचाच सगळ्यात जास्त संताप आला. त्याने टॉमी फिरवली. जागा अपुरी, ती आधी कपाटाला लागली आणि मग दाजींच्या खांद्यावर बसली. दाजी ओरडले, केस सुटले, बारकी जमिनीवर कोसळली.

दोन पुरुष एकमेकांच्या नरड्याला भिडले. दाजींनी शेगडीवरची किटली उचलून दादाच्या कानशिलात घातली. दादाने त्यांच्या नाकावर कपाळ मारलं, नाक मोडल्याचा आवाज झाला आणि दोघांच्याही तोंडात रक्त आलं. सगळ्या वजनानिशी ते भिंतीवर आदळले, आणि त्या धक्क्याने खालचा जॅक निसटला. अख्खं घर एका बाजूला कलंडलं आणि बिनचाकाचा कणा धाडकन फरशीवर बसला. कपाटं उघडली, ताटं, बरण्या, पातेली सगळ्यांच्या अंगावर आली. दादाचं डोकं फळीच्या कोपऱ्यावर आपटलं.

त्याची नजर ठिकाणावर आली तेव्हा दाजी उभे होते. एका हाताने त्यांनी बारकीला छातीशी धरलं होतं, दुसऱ्या हातात भाजी चिरायची सुरी होती, आणि तिचं टोक बारकीच्या जबड्याखाली.

"बाहेर हो," ते म्हणाले. अहो-जाहो संपलं होतं. "चाक चढव. आम्ही निघतोय."

दादामागोमाग बारकीला तसंच धरून दाजी खाली उतरले. बाहेर वहिनीच्या हातात फोन होता. "फोन खाली टाक," दाजी म्हणाले आणि सुरी जराशी दाबली. बारकीच्या गळ्यावर लाल रेघ उमटली. वहिनीने फोन टाकला.

"हे बघा," दादा म्हणाला. "त्या टायरवर मी फुली मारलीय. तो चालणार नाही."

"तुझ्या फुल्या तुझ्यापाशी ठेव. पुढे घाट आहे. एका चाकावर ही चढायची नाही, एवढं मलाही कळतं."

स्टेपनी नव्हती. जागा खाते म्हणून दाजींनी ती कधीच काढून टाकली होती. दादाने पुन्हा जॅक लावला, गाडी उचलली. वेळ काढावा, रस्त्यावरून कुणीतरी वळेल, अशी आशा होती. तो जरा रेंगाळला की दाजी काही बोलत नसत, फक्त सुरी टोचत. प्रत्येक वेळी बारकी डोळे मिटायची. तिचा कुर्ता गळ्याजवळ भिजत चालला होता. दादाने रिममध्ये नवा धातूचा व्हॉल्व्ह बसवला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याही वेळी त्याने त्याचा नट हव्या तेवढाच आवळला, कमी नाही, जास्त नाही. मग तो मेलेला टायर त्याने रिमवर चढवला.

"आता हवा. अगं, कॉम्प्रेसर लाव."

वहिनी भिंतीपलीकडे गेली. मोटर धडधडू लागली.

"हवा पिंजऱ्यात भरावी लागेल," दादा म्हणाला. फाटकाजवळ जाडजूड सळ्यांचा पिंजरा होता. असला संशयास्पद टायर त्यात ठेवून लांबून हवा भरायची, म्हणजे फुटला तर माणूस वाचतो.

"फाटकाजवळ? म्हणजे तू रस्त्यावर जाऊन बोंब मारणार. इथेच भर."

"इथे नाही भरणार."

"ही बघितलीस ना?"

"तिला मारलंत तरी इथे नाही भरणार!" दादा ओरडला. तोंडातून शब्द गेल्यावर त्यालाच ते ऐकू आले. बारकीने डोळे उघडून भावाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. एवढंच होतं, की हेही तिला ठाऊक होतं.

दाजींनी तिला बाजूला ढकललं, दोन पावलं पुढे आले आणि सुरी दादाच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली. वळवली. उपसली. दादा गुरासारखा ओरडला आणि भिंतीशी कोसळला. दाजींनी त्याच्या जखमेवर एक लाथ घातली, तो उठणार नाही याची खात्री करून घ्यावी तशी. "मला काय हवा भरता येत नाही? वर्षं गेली ही गाडी चालवण्यात."

बारकी सरपटत भावापाशी आली. तिने ओढणी काढून त्याच्या मांडीला गुंडाळली आणि दोन्ही तळवे जखमेवर दाबून धरले. ओढणीबरोबर तिचा गळाही उघडा पडला. जुने निळे, पिवळे, नवे लाल, सगळे वळ एकावर एक. दादाने ते पहिल्यांदा पाहिले.

दाजींनी चाक फरशीवर आडवं टाकलं, सुरी रिमवर ठेवली, नळी नव्या व्हॉल्व्हला अडकवली आणि दाबाचा काटा बघायला टायरवर ओणवे झाले. हवा फुसफुसत आत जाऊ लागली. टायर ताठ होत गेला. मोडक्या नाकातून त्यांचं रक्त टायरवर ठिबकत होतं.

आणि दादाला तो आवाज आला. तट्. जरा वेळाने पुन्हा, तट् तट्. टायरच्या कुशीत, बाजूच्या रबरात, पोलादी तारा एकेक करून तुटत होत्या. हा आवाज टायरवाल्याला कळतो. टायरवाल्याच्या शेडमध्ये लहानाची मोठी झालेल्या पोरीलाही कळतो. बारकीची बोटं त्याच्या मांडीवर घट्ट झाली. तिने भावाच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नको.

तट् तट् तट् तट्.

"मागे हो!" दादा जिवाच्या आकांताने ओरडला. "मागे हो, फुटतोय!"

दाजी दचकून उठले, अर्धे वळले, आणि टायरची कूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटली. तो आवाज कानांना आवाज वाटलाच नाही, छातीवर बसलेला गुद्दा वाटला. ते वजनी चाक उडून पत्र्याच्या छताला लागलं, पत्रा फाडून खाली आलं आणि गाडीच्या दारावर आदळलं. सुरी कुठल्या कुठे गेली. धूळ बसली तेव्हा दाजी पाठीवर पडले होते. चेहरा शाबूत होता, कारण ते वळले होते. उजवा हात कोपराखाली उलट्या दिशेला मोडला होता आणि हाड बाहीतून बाहेर आलं होतं. त्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती. कानांतून रक्त येत होतं. ते स्वतःच्या हाताकडे बघून लहान मुलासारखे ओरडत होते.

वहिनी धावत आली, तिने एक नजर टाकली आणि खाली पडलेला फोन उचलला.

बारकीने दादाच्या मांडीवरून हात काढले नव्हते. तिच्या केसांत छताची धूळ होती.

"ओरडलास कशाला?" तिने विचारलं.

"अगं... तोंडातून गेलं." दादा म्हणाला. "टायर फुटताना ओरडायचंच असतं. समोर कोण आहे ते बघत नाही माणूस."

"तू बघत नाहीसच."

"बारके..."

"मी मान हलवली. तू मला पाहिलंस, दादा. पाहून ओरडलास." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मघाशी तो व्हॉल्व्ह. सगळा रस्ता मी हेच मनाशी म्हणत आले, की गाडी दादाच्या दारात गेली की तो चाक हातात घेईल आणि त्याला कळेल."

"कळलं ना गं," दादा म्हणाला आणि हुंदके देऊन रडू लागला. "लगेच कळलं मला."

"टायरचं कळलं."

दादा तोंडावर हात घेऊन रडत राहिला आणि ती जखम दाबत राहिली.

"बारके," पलीकडून दाजी कण्हले. "पाणी दे. इकडे ये. ऐकलंस का?" हाकेसरशी तिचं अंग उठायला लागलं. इतक्या वर्षांची ती सवय, हाक आली की उठायचं. एक गुडघा जमिनीवरून सुटलाही. बारकीने खाली आपल्या हातांकडे पाहिलं, बोटांच्या फटींतून भावाचं रक्त वर येत होतं. तिने गुडघा पुन्हा टेकला आणि जोर वाढवला.

अँब्युलन्स आली. दोघांनी दाजींना स्ट्रेचरवर घेतलं, तिसऱ्याने दादाची मांडी वरवर पाहिली. "दाबून धरलंय ते छान धरलंय. ह्यांच्यासाठी दुसरी गाडी निघालीय, पोलिसही येतायत. स्ट्रेचरवरच्या पेशंटचं हाताचं काम मोठं आहे, याला पुढे काढतो. बरोबर घरचं एक माणूस लागेल, सह्या करायला. त्या पेशंटचं कोण आहे?"

दाजींनी डावा हात उचलून बारकीकडे बोट केलं. एवढ्या वेदनेतही ते बोट हुकमाचंच होतं. "ती. माझी बायको आहे."

"चला ताई, बसा लवकर."

बारकी हलली नाही. तिने त्या माणसाकडे पाहिलं, नवऱ्याकडे नाही.

"मी ह्याची बहीण आहे," ती म्हणाली. "मला इथून हात काढता येणार नाही."

तो माणूस क्षणभर तिच्या उघड्या गळ्याकडे बघत राहिला. मग त्याने अँब्युलन्सचं दार लावून घेतलं. आतून दाजी तिला हाका मारत होते, त्या अँब्युलन्स फाटकाबाहेर रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होत्या. बारकी बसून राहिली.